अर्ध्या विहिरीचा रहाट

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायला उठते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी हे लिहितेय... कारण हे एक उत्तर मला अजून काढता आलेलं नाही.

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि ह्यांची बदली तिकडच्या ऑफिसात झाली. सात महिन्यांच्या बाळ्याला घेऊन मी नांदेडलाच राहिले, मामंजींपाशी. घर जुन्या नांदेडात, घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. देवळाची घंटा, अजान, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, सगळं एकाच खिडकीतून ऐकू यायचं. मला त्या गावाचं वेडच होतं. पण गल्लीत कोण कुणाशी का बोलत नाही, ते कुणी सांगायचं नाही.

आमची परसातली विहीर अर्धीच होती. म्हणजे विहीर एक, पण मधोमध तळापर्यंत भिंत. पलीकडची अर्धी शेजारच्या जुबेदाआपांची. दोन्हीकडे आपापला रहाट. भिंत कशावरून घातली असं विचारलं, की मामंजी पेपर तोंडासमोर धरायचे.

त्या वर्षी दुष्काळ. विहिरीचा तळ उघडा पडला, रहाटाचा दोर आम्ही काढून ठेवला. टँकर तीन दिवसांनी यायचा, त्यात बाळ्याला जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजत राहा. कुठलं पाजू?

आणि एका दुपारी भिंतीपलीकडे रहाट वाजला. कुरकुर... मग घागरीत पाणी ओतल्याचा आवाज, अगदी स्वच्छ. रोज चारच्या सुमाराला. आठ दिवस!

"चोरून विहीर खोल केली त्यांनी," म्हणत मामंजींनी नगरपालिकेला अर्ज लिहून ठेवला. मी घाबरले. याहून लहान कारणावरून गल्लीत एकदा दगड उडाले होते. पण खरं सांगते — रागही आला होता. माझं लेकरू सुकून चाललंय आणि ही बाई घागरी भरते?

नवव्या दिवशी मामंजी टँकरच्या रांगेत गेले. मी घराला कुलूप घातलं, बाळ्याला कडेवर घेतलं आणि आपांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"आपा, लेकराला तांब्याभर पाणी द्या."

त्या चौकटीबाहेर आल्या. "अगं माय, पानी तर तुमच्याकडं हाय ना? आठ दिस झाले, तुमचा रहाट ऐकून राहिले मी. घरात सून बाळंतीण हाय... मागावं म्हनलं, तर जीभ उचलंना."

त्यांनी मला विहिरीवर नेलं. त्यांच्याही रहाटाला दोर नव्हता. तेवढ्यात भिंतीपलीकडे, आमच्या कुलूपबंद घरात, रहाट कुरकुरला. पाणी ओतल्याचा आवाज आला.

आम्ही दोघी धावत इकडे आलो. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही, रहाट स्थिर. पण विहिरीच्या काठावरचा दगड ओला होता. मी हात लावला, आपांनीही लावला.

"मग हे कोण भरून राहिलंय, आपा?"

"अल्ला जाने." त्या घरी गेल्या आणि सुनेसाठी राखलेल्या पाण्यातला अर्धा तांब्या घेऊन परत आल्या.

आवाज पुन्हा कधी आला नाही. मामंजींनी तो अर्ज दिलाही नाही आणि फाडलाही नाही.

कोण पाणी भरत होतं, मला अजून कळलेलं नाही. पण आठ दिवस मी आपांना चोर समजत होते आणि त्या मला... त्या अर्ध्या तांब्यावर माझं लेकरू वाचलं.