चार तारांचे वेळापत्रक

मी श्रीधर त्र्यंबक नेर्लेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार बिबवेवाडी. उतारवयात माणूस काही नवे शिकू लागला, की विद्या येण्याच्या आधी किस्से जमू लागतात. विद्येला सराव लागतो, किश्शांना साक्षीदार पुरतात. आणि माझ्या घरात, तसेच आमच्या वाद्यवृंदात, साक्षीदारांची टंचाई कधीच नव्हती. इतर मंडळी हे किस्से हसत सांगतात. मला ते सांगताना मान खाली घालावी लागते, म्हणून लिहून काढतो आहे. लिहिताना ती तशीही खालीच असते.

*

आमचा वाद्यवृंद म्हणजे जुनी गाणी वाजवणारी हौशी मंडळी. प्रमुख कांबळेताई. त्या सरकारी नोकरीतून मोठ्या पदावर निवृत्त झाल्या, की-बोर्ड वाजवतात, आणि फाइल परत पाठवावी तशा आमच्या चुका अजूनही परत पाठवतात. आमचे बेस गिटारवाले गृहस्थ मुलाकडे परदेशी गेले आणि वाद्य मागे ठेवून गेले. ताईंनी विचारले, "कोण घेणार?"

मी म्हणालो, "मी घेतो. साध्या गिटारला सहा तारा, हिला चारच. त्या मानाने सोपी असावी."

"अहो नेर्लेकर," ताई म्हणाल्या, "सोपी असती तर इथे रांग लागली असती."

*

माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंत. मार्केट यार्डात एका अडत्याच्या गाळ्यावर कारकुनी करण्यात उभी हयात गेली. पुढचे जे काही मला येते ते वाचून आलेले आहे, आणि त्याचा मला अभिमान होता. तेव्हा बेसही वाचूनच शिकायचे ठरवले. पुस्तके आणली आणि त्यांच्या आधारे दिनक्रम आखला: पहाटे उजव्या हाताची बोटे, मग डाव्या हाताची, नाश्त्यानंतर सप्तके, दुपारी स्वरलेखनाचे वाचन, संध्याकाळी प्रत्यक्ष गाणे. स्वच्छ अक्षरात लिहून तो कागद फ्रिजवर लावला.

माझी पत्नी सुमती हिने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"छान झालाय," ती म्हणाली. "यात दूध कोण आणतं?"

दिनक्रमात दुधाचा समावेश करण्यात आला.

*

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारे यंत्र, सर्व पुस्तकांनी अनिवार्य सांगितले होते. मी ते मोबाइलवर घेतले. सकाळी मी बैठकीच्या खोलीत बोटे चालवत असे आणि आत सुमती पोळ्या लाटत असे. काही दिवसांनी पुस्तकाच्या आज्ञेनुसार मी वेग वाढवला.

आतून आवाज आला, "अहो, ते आधीसारखं करा. माझ्या पोळ्या इतक्या भरभर होत नाहीत."

मी वेग पूर्ववत केला आणि डोकावून पाहिले. तिचे लाटणे टिकटिकीवर अचूक पडत होते. माझी बोटे तिच्या बरीच मागे होती, हे मी तिला सांगितले नाही.

*

आमचे ड्रम वाजवणारे शेळके हडपसरच्या पलीकडचे. गाव शहरात आले, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आणि शेळक्यांना ड्रमसाठी वेळ मिळाला. मी त्यांना सरावाच्या शिस्तीविषयी सविस्तर सांगितले. दिनक्रमाची एक प्रतही दिली.

"काका, आपला दिनक्रम हाय की," ते म्हणाले.

"कोणता?"

"बसायचं, वाजवायचं, बायको वरडली का उठायचं."

"याला शिस्त म्हणत नाहीत, शेळके."

"तिला सांगू का तसं?"

मग ते जरा गंभीर झाले. "काका, एकदा संगं वाजवायला या. बेस अन् ड्रम शेजारी बसल्याबिगर जमत नाय."

मी उत्तर दिले, "पाया पक्का झाल्याखेरीज मी तालमीला येणार नाही."

तोवर बेसचे काम ताई की-बोर्डवर डाव्या हाताने भागवत होत्या.

*

बेस गिटार अँप्लिफायरला जोडली नाही, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. सोसायटीला उपद्रव नको म्हणून मी ती कधी जोडलीच नाही. वाद्याच्या लाकडाला हनुवटी टेकवून मी माझे सूर ऐकत असे. सोसायटीच्या सभेत हे मी थोड्या अभिमानाने सांगितले. "इतके महिने माझा रियाज चालू आहे. कोणाला त्रास झाला?"

वरच्या मजल्यावरचे देशपांडे म्हणाले, "आम्हाला वाटलं, सोडलंत."

*

कार्यक्रम आठवड्यावर आला. सुमतीने माहेरच्या सर्वांना आमंत्रणे दिली होती, त्यामुळे मी मंचावर दिसणे आवश्यक झाले होते. मी प्रथमच तालमीला गेलो. शेळक्यांनी माझ्या वाद्याला वायर जोडली आणि गाणे सुरू झाले.

बेसची जाड तार छेडल्यावर हाताने थांबवावी लागते, नाहीतर ती वाजतच राहते. हे पुस्तकात होते. मी ते वाचलेही होते. परंतु घरी त्या वाजत राहिलेल्या तारा मला कधी ऐकूच आल्या नव्हत्या. खोली घुमू लागली, खिडकीच्या काचा थरथरल्या. ताईंनी हात वर केला.

"नेर्लेकर, आपला सूर बरोबर आहे. पण त्याच्या आधीचे सगळे सूर अजून इथेच बसलेत."

मंडळी हसली. मी पुन्हा वाजवले. पुन्हा तेच झाले, आणि या वेळी कोणी हसले नाही. ते अधिक वाईट होते.

तालीम संपल्यावर ताईंनी मला बाजूला घेतले. "हे आठवड्यात सुटणार नाही. आपण एक तर प्रेक्षकांत बसा, नाहीतर मंचावर उभे राहा, पण वायर न जोडता. बेस मी सांभाळते. काय ते आपण ठरवा."

दुकानांच्या पाट्यांवरील चुका दुकानदाराला बोलावून दाखवणारा मी मनुष्य. मी मंच निवडला.

*

कार्यक्रमात मी एकही सूर चुकलो नाही. अर्थात तो कोणाला ऐकूही गेला नाही.

सुमतीचे थोरले बंधू माधवराव नारायण पेठेत राहतात. त्यांनी आजवर कशालाही चांगले म्हटलेले नाही. आमच्या लग्नातल्या जेवणाविषयी त्यांचा अभिप्राय "गरम होतं" एवढाच होता. पडदा पडल्यावर ते काठी टेकत थेट मंचावर आले आणि सर्वांसमोर त्यांनी माझा हात धरला.

"श्रीधरराव, गायक ठीक. ड्रम जरा जास्त. पण तुमचं ते बेस! एकेक सूर सुटा, स्वच्छ. बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकावं."

शेळके वायर गुंडाळता गुंडाळता थांबले. ताई की-बोर्डवर कापड घालत राहिल्या. सुमती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "रोजचा रियाज आहे."

*

आता मी वायर जोडून, कानांना हेडफोन लावून सराव करतो. सकाळचा पहिला अर्धा तास केवळ तारा थांबवण्यासाठी राखलेला आहे. दर बुधवारी मी शेळक्यांकडे जाऊन त्यांच्या शेजारी बसतो. माधवराव आमच्याकडे येतात तेव्हा बेस कपाटात असते.