देवाची जनावरं

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांची आता फक्त कलमे आठवतात, माणसे पुसट झाली आहेत. पण सोनपेठच्या बाजूला गोदाकाठच्या एका गावातली ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. गावाचे आणि माणसांचे नाव घेणार नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेलच.

मी तेव्हा फौजदार होतो. गावाच्या टोकाला महादेवाचे देऊळ, देवळाच्या पायऱ्या थेट नदीत उतरलेल्या आणि पायऱ्यांपाशी खोल डोह. महाशिवरात्रीच्या बंदोबस्ताला पहिल्यांदा तिथे गेलो, तेव्हा देवळाची देखभाल करणारे एक वृद्ध गृहस्थ मला हाताला धरून पायरीवर घेऊन गेले. सारा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. किराणा दुकान मुलांच्या हाती सोपवून ते दिवसभर देवळातच असत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग आणि उपरण्याच्या टोकाला बांधलेल्या ज्वारीच्या लाह्या. त्यांनी मूठभर लाह्या टाकल्या आणि डोह उकळायला लागल्यासारखा झाला. काळ्या पाठीचे, हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या अंगावरून चढत वर आले. त्यांच्या मागून परातीएवढे एक कासव सावकाश आले, तर माशांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. माझ्या अंगावर काटा आला. बाकी नदीत सुरुंगाची दारू उडवून मासे मारणारे मी ठाण्यात आणून बसवत होतो. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुणी साधा गळ टाकला नव्हता. पहारा नाही, पाटी नाही, काही नाही.

"एवढे मोठे मासे मी जन्मात पाहिले नाहीत," मी म्हणालो.

आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले. "मासे म्हणू नका साहेब. मासा म्हंजे कालवणातला. ही देवाची जनावरं हायेत."

त्याच वर्षी भर उन्हाळ्यात, ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना त्या गावचा पोलीस पाटील सायकल दामटत आला. घामाने निथळत होता.

"साहेब, डोहात कुणी तरी इख घातलंय. सगळी मेली. गाव लय तापलंय, लवकर चला."

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यातली गावे दुभंगली होती, दलित वस्त्या जळाल्या होत्या. भांडणाला निमित्तच हवे असायचे. आणि या गावाने तर आरोपीसुद्धा ठरवून टाकला होता. दलित वस्तीतला एक तरुण, मोर्चात पुढे असणारा, हंगामात मानवतकडे लोकांच्या कपाशीवर फवारणीला जाणारा. त्याच्या घरात औषधाचा डबा सापडला होता. औषध म्हणजे पिकावर मारायचे कीटकनाशक. आमच्या जिल्ह्यात खेड्यापाड्यांत त्याला दुसरा शब्द नाही.

डोहावर पोहोचलो आणि डोक्यावरची टोपी आपोआप हातात आली. नदीची धार तुटलेली, डोह आटून तळ्याएवढा उरलेला, आणि त्या पाण्यावर पांढरी पोटेच पोटे. कासव पायरीशी येऊन मेले होते. पंचनामा केला. पाण्याच्या बाटल्या सील केल्या. कासव वन्यजीवांच्या कायद्यात बसत होते. माशांसाठी पाणी नासवल्याचे कलम लावले.

पण माझे लक्ष काठावरच्या काठ्यांकडे होते. तरुणाला मी सरळ जीपमध्ये घातले आणि ठाण्यात आणले. स्टेशन डायरीत 'चौकशीसाठी ताब्यात' असे लिहिले. गावात राहिला असता तर दिवस मावळेपर्यंत जगला नसता. वस्तीवर चार शिपाई ठेवले, ते किती वेळ पुरणार याची मला कल्पना होती.

"डबा तुझ्या घरात कसा?" मी विचारले.

"राकेल ठिवायला," तो म्हणाला. "असा डबा पाटलाच्याबी घरात हाय. त्याला का न्हाई आणलं?"

पोरगे तोंडाळ होते, पण बोलत होते ते खोटे नव्हते. डब्याला राकेलचाच वास होता. खोटे बोलणारा माणूस साहेबाला खूश करायला बघतो. याला माझी पर्वाच नव्हती. आणि दुसरे असे की कपाशी निघून महिने झाले होते. उन्हाळ्यात औषध लागते कुणाला? ज्याने आत्ता विकत घेतले, त्याच्यापाशी जायला हवे होते. मी हवालदाराला सोनपेठच्या दुकानांवर पाठवले.

तो परत आला तो हात झटकतच. "काही नाही साहेब. सगळे दुकानदार माश्या मारायलेत. एकच डबा गेलाय, तोही त्या गावच्या आप्पांनी नेला. देवाच्या जनावराला किडे झालेत म्हणाले, म्हणून दुकानदारानं गोचिडाचं औषध दिलं. देवाला सोडलेला वळू असंल."

पोलीस पाटील समोरच बसला होता. मी त्याला सहज विचारले, "वळू बरा आहे का आता?"

"कोणता वळू? आमच्या गावात देवाचा वळू न्हाई साहेब. देवाची जनावरं म्हंजे..."

आणि बोलता बोलता पाटील खुर्चीतून उठला.

आप्पा देवळाच्या ओवरीत बसले होते. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. रिकामा डबा तिथेच, पूजेच्या तांब्याशेजारी, स्वच्छ धुऊन ठेवलेला.

"आप्पा, सोनपेठहून काय आणलं होतं?"

"औषध," ते लगेच म्हणाले. "जनावरांच्या अंगाला किडे चिकटले होते साहेब. बिचारी दगडाला अंग घासायलीत, मला बघवना. काल म्या औषध टाकलं. आन् त्याच्यावर कुण्या पाप्यानं इख टाकलं."

मी दरोडेखोरांचे जबाब घेतले आहेत, खुन्यांचे घेतले आहेत. लपवणाऱ्याची नजर दाराकडे जाते. आप्पांची नजर डोहावरून हलत नव्हती. मला त्या क्षणी माझ्या नोकरीचा राग आला. गोचिडाचे औषधही पिकावरच्याच जातीचे विष असते. मी डबा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"आप्पा, कपाशीवर फवारतात, त्याला आपल्याकडं काय म्हणतात?"

ते डब्याकडे बघत राहिले. "औषध," ते म्हणाले. हात गळ्यातल्या डबीकडे गेला आणि तिथेच घट्ट राहिला. मला वाटले, म्हातारा आता कोसळतो. पण ते भिंतीला धरून उठले.

"आधी त्या पोराला सोडा. आन् गावापुढं मला बोलू द्या. तुमी बोलू नका."

पोराला सोडायचा निरोप मी ठाण्यात धाडला. पारापाशी सारा गाव जमला होता. आप्पा मधोमध उभे राहिले. "जनावरं म्या मारली," ते म्हणाले. "बरी करायला गेलो आन् मारली. वस्तीकडं बोट दावायचं असंल त्यानं आधी माझ्याकडं दावावं." काठ्या हळूहळू खाली आल्या. राखीव तुकडी मागवूनही मला ते जमले नसते.

ते तिथेच थांबले नाहीत. चालत वस्तीत गेले आणि त्या तरुणाच्या आईच्या पायांवर डोके टेकले. त्या काळात, त्या गावात ही केवढी गोष्ट होती, हे आजच्या वाचकाला सांगून पटणार नाही. ती बाई गांगरली, मागे सरकली.

"उठा आप्पा," ती म्हणाली. "आमीबी टाकायचो त्यांना लाह्या. पायरीवर येऊ देत न्हाईत, म्हणून पलीकडच्या दरडीवरून टाकायचो."

आप्पांनी वर पाहिले. आपण ज्यांना एकट्याने सांभाळतो असे त्यांना वाटत होते, त्यांना दुसऱ्या काठावरूनही कुणी घास देत होते.

आप्पांवर रीतसर गुन्हा नोंदवला. त्यांनी वकील दिला नाही, कोर्टात कबुली दिली, दंड भरला. पुढे मत्स्य विभागाचे एक अधिकारी येऊन डोह बघून गेले. ते म्हणाले, आटलेल्या पाण्यात लोकांनी टाकलेल्या लाह्या आणि कणीक कुजली, पाणी बिघडले, दाटी झाली, म्हणून किडे पडले. आता बाहेरून काही आणून सोडू नका. नदी वाहती झाली की वरच्या डोहांतून मासे आपणहून येतील. फक्त पाण्याला त्रास देऊ नका. गावाने मग काठावर फवारणीचे पंप धुणे बंद केले. हे ठरले त्या बैठकीला पहिल्यांदाच वस्तीतली माणसेही बोलावली होती.

दारू उडवून मासे मारणाऱ्याला मी पकडू शकत होतो, त्याच्यासाठी कायदा होता. पण जीव लावणाऱ्या माणसाच्या हातूनही एका दिवसात सगळे संपते, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. ते मी त्या ओवरीत शिकलो.

बदलीचा हुकूम आल्यावर मी एकदा मुद्दाम त्या गावी गेलो. नदी भरून वाहत होती. पायरीवर आप्पा बसले होते आणि त्यांच्याच पायरीवर, थोड्या अंतराने, त्या तरुणाची आई. पाण्यात एक काळी पाठ दिसली, मग दुसरी, मग मोजता येईनात.

"टाकायला काही आणलंय का आप्पा?" मी विचारले.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "आता आमी त्यांना काई देत न्हाई. नुसतं बघत बसतो."

मीही बूट काढून त्यांच्या शेजारी बसलो.