न म्हटलेलं आमेन

"प्रभू, या लेकराच्या घराण्यात जी शिस्त कधी नव्हती, ती तू हिला दे."

परळच्या टॉवरमधला ताईंच्या घरचा थंडगार हॉल. ताई डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. त्यांचा हात माझ्या लेकीच्या डोक्यावर. लेक नऊ वर्षांची, नाव सुवार्ता. बोलताना अडखळते. त्या दिवशी सगळ्यांसमोर स्तोत्र म्हणताना तिसऱ्या ओळीवर अडकली ती अडकलीच. मुलं खुसुखुसु हसली. ताईंनी तिला पुढे बोलावून गुडघ्यांवर बसवलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

"हिचा आळस काढून टाक. हिच्या जिभेला वळण लाव. आमेन."

सगळ्या आया म्हणाल्या, आमेन. मुलं म्हणाली, आमेन. मी म्हटलं नाही.

सुवार्ताला शाळेतून मीच काढलं होतं. भायखळ्याच्या आमच्या शाळेत हजेरीला "हजर" म्हणायला तिला वेळ लागायचा, तेवढ्यात बाई तिची गैरहजेरी लावून पुढे जायच्या. समोर बसलेली पोर गैरहजर. म्हटलं, घरीच शिकवीन. आमच्या चर्चच्या मंडळीतली चारदोन कुटुंबं मुलांना घरीच शिकवत होती, आठवड्यातून एकदा या ताईंकडे जमत होती. श्रद्धेचं वातावरण, शिस्त, संयम. मला वाटलं, इथे तरी माझ्या पोरीला कुणी हसणार नाही. वेडीच मी.

पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं होतं, "तुम्ही मूळचे नगरकडचे ना?" नगरकडचे म्हणजे कोण, हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत फोड करून सांगावं लागत नाही. गावकुसाबाहेरचे. ताईंचे पणजोबा ब्राह्मण. सगळं सोडून ख्रिस्ती झाले, हे त्या दर बैठकीत सांगायच्या. सगळं सोडलं, ब्राह्मणपण एवढं मात्र जपून ठेवलं. आमच्या पणजोबांनी काय सोडलं, ते कुणी विचारत नाही. सोडायला होतं काय? मेलेली ढोरं ओढायचं काम तेवढं सोडलं.

आणि म्हणे शिस्त नव्हती. एका खोलीत राहतो आम्ही. नळाला पाणी यायच्या आधी आमची प्रार्थना होते, मग पाढे, मग शुद्धलेखन. ते स्तोत्र सुवार्ता आठवडाभर चाळीच्या गॅलरीत भिंतीकडे तोंड करून म्हणत होती. एक शब्द अडला की परत पहिल्या ओळीपासून. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं होतं.

ताईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अगं, आमेन म्हण ना."

"नाही म्हणत, ताई. आमेन म्हणजे तसंच होवो. मला तसं व्हायला नको आहे."

"राग आवर. बायबल सांगतं, संयम हेही पवित्र आत्म्याचं फळ आहे."

इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मला रडूच फुटलं. माझी आजी गिळत आली, आई गिळत आली, मीही गिळत आले, आणि त्यालाच संयम समजत आले. फळाचं नाव त्यांनी सांगायचं, गिळायचं आम्ही. बस झालं. मी सुवार्ताला हाताला धरून उठवलं. तिच्या गुडघ्यांवर गालिच्याचे वळ उमटले होते.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. लालबाग मागे पडल्यावर म्हणाली, "मम्मी, दे... देव पण आमेन म्हणाला असेल?"

मी म्हटलं, नाही. तिने मान डोलावली. पण तिला ते पटलं नव्हतं, मला दिसत होतं.

घरी नवरा म्हणाला, एक शब्द तर होता, म्हणून टाकायचा. आता पोर एकटी पडेल. त्याचं खरं होतं. पडली एकटी. तेव्हापासून सुवार्ता पाढे म्हणते, अडखळत का होईना धडा वाचते. प्रार्थनेला मात्र तोंड मिटून बसते. त्या बाईने माझ्या लेकीच्या तोंडून देवाचं नाव काढून घेतलं. याला माझ्याकडे क्षमा नाही. शास्त्र काहीही सांगो.

मंडळीत मी स्पष्ट सांगितलंय. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा असेल तर आधी तिला विचारायचं. ती अडखळत उत्तर देईल, ते पूर्ण होईपर्यंत थांबायचं.

रोज पाणी यायच्या आधी आम्ही दोघी अजूनही बसतो. मी प्रार्थना करते आणि शेवटच्या शब्दाशी थांबते. तिच्या वतीने आमेन म्हणायचा हक्क आता कुणालाच नाही. मलाही नाही. ती म्हणेल तेव्हाच मी म्हणेन. तोवर आमच्या घरातली प्रार्थना अर्धी राहील.