खिचडीवाल्या मावशींचा नकार

"मोठ्यानं म्हण. पोटातून येऊ दे!"

शाळेच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरातून हा आवाज आला की समजायचं, मावशींची तालीम सुरू झाली. चुलीवर खिचडीचं पातेलं, हातात पळी, डोक्याला पदराचं मुंडासं आणि समोर दुसरीतलं एखादं लेकरू. मावशी नसलेल्या मिशीला पीळ देऊन म्हणायच्या, "मी तुझा मामा हाय. जा, टपरीवरून तंबाखूची पुडी घेऊन ये."

लेकरू खाली बघत पुटपुटायचं, "आणणार न्हाई."

"खाली बघून न्हाई म्हटलं की त्याचं हो होतंय. माझ्या डोळ्यात बघ. शिवी देऊ नको, रडू नको, पळू नको. फकस्त सांग."

परभणी जिल्ह्यात, झरीच्या पुढे आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षक आणि मावशी खिचडी शिजवायला. बौद्धनगरातून सकाळी नऊच्या ठोक्याला यायच्या. गावातल्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मीही बघत नव्हतो.

तालमीची सुरुवात एका उलटीनं झाली. दुसरीतला एक पोरगा स्वयंपाकघरामागे बसून ओकत होता. आजोबांसाठी तंबाखू आणताना त्यानं चिमूटभर गालात धरली होती. मावशींनी त्याचं तोंड धुतलं, पाणी पाजलं आणि मग रागावल्या. तो रडत म्हणाला, "तुमी बी तर लावताव की मावशी."

ते खरं होतं. मावशींच्या कमरेला मिसरीची डबी कायम असायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड त्या सकाळी दाताला लावायच्या, दुपारीही लावायच्या. लहानपणापासूनची सवय. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर सगळ्या लेकरांना त्यांनी चुलीपुढे उभं केलं, डबी उघडून पूड जाळात ओतली आणि म्हणाल्या, "आता मला कोनी लावताना बघितलं तर इथंच टोकायचं. लाजायचं न्हाई." त्याच आठवड्यापासून दर शनिवारी मामाची ती तालीम सुरू झाली.

पुढचे काही दिवस खिचडी एकदा अळणी, एकदा खारट. मावशींचं डोकं भणभणायचं, भांडी आदळायची. पोरं दारातून डोकावून विचारायची, "मावशी, लावली का?" आतून उत्तर यायचं, "न्हाई लावली! जावा इथून!"

त्याच सुमाराला त्यांना तिखट सोसेना. मी म्हणालो, दवाखान्यात दाखवा. परभणीला जाऊन आल्या. गालात आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी सांगितलं, मिसरीनंच झालाय, पुन्हा हात लावला तर कठीण आहे, दर काही महिन्यांनी दाखवत राहा. दुसरी कोणी बाई हे पदराआड लपवून बसली असती. मावशींनी एकेका वर्गाला बोलावलं आणि गाल ताणून तोंड उघडलं.

"जवळ या. नीट बघा."

मी म्हणालो, "मावशी, लेकरं घाबरतील."

"घाबरू द्या जराशी. खोटं कायी दाखवायले का मी?"

आता माझी गोष्ट. मी गुटखा खायचो. बंदी असूनही आमच्या फाटकासमोरच्या टपरीवर तो मिळायचा. आणायला मी पोरांनाच पाठवायचो. त्यात काही वावगं आहे असं माझ्या डोक्यातही येत नव्हतं. एका दुपारी चौथीतल्या एका हुशार मुलीला म्हणालो, "जा गं, समोरून माझं ते घेऊन ये."

ती उठली, पण जागची हलली नाही. माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "सर, मी आणणार न्हाई."

माझे कान तापले. तसाच तरातरा स्वयंपाकघरात गेलो. "मावशी, तुम्ही लेकरांना माझ्याविरुद्ध उठवताय!"

त्यांनी पळी फिरवणं थांबवलं नाही. "तुमच्याविरुद्ध न्हाई सर, पुडीविरुद्ध. तुमी मधी का म्हून यायलाव?"

मी वर्गात परतलो. खिशात एक पुडी शिल्लक होती. ती त्या दिवशी मी फोडली नाही. दुसऱ्या दिवशी फोडली. सुटायला मला वर्ष लागलं, हेही सांगून टाकतो.

माझ्यापुरतं असतं तर निभावलं असतं. पण पोरं घरोघर तेच सांगू लागली. बापाला, चुलत्याला, पाव्हण्यांना. दारूची बाटली आणायलाही नाही म्हणू लागली. एका बापानं पोराच्या मुस्काटात दिली. सुजलेला गाल घेऊन ते पोरगं शाळेत आलं. मावशींनी हळद लावता लावता विचारलं, "मंग?"

"तरी आणली न्हाई," पोरगं म्हणालं.

मावशींनी त्याला पोटाशी धरलं. त्यांचे डोळे भरलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मग शाळेत शाळा समितीची बैठक बसली. टपरी गावातल्या एका वजनदार माणसाच्या पुतण्याची होती आणि तो माणूसच पुढच्या खुर्चीत होता. मावशी दाराशी उभ्या.

"लेकरं बापाला उलटून बोलायलेत," तो म्हणाला. "तुला खिचडी शिजवायला ठेवलंय, शिकवायला न्हाई."

"शिजवतेच की. पन ज्या तोंडात मी घास घालते, त्या तोंडात दुसरं काय जातंय, ते बी मी बघनार."

"माफी माग. विषय मिटव."

"चूक सांगा, मागते."

कोणी चूक सांगेना. मुख्याध्यापक रजिस्टरची पानं उलटत बसले. मी उठलो. म्हणालो, त्या मुलीनं पहिल्यांदा मलाच नाही म्हटलं आणि तिचं बरोबर होतं. कोणी दाद दिली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर खिचडीचं काम मावशींकडून काढून दुसऱ्या बचत गटाला द्यायचं ठरलं.

पण त्या सुजलेल्या गालाच्या पोराची आई पुढच्या ग्रामसभेत उभी राहिली. तिच्यामागे आणखी बायका. शाळेजवळ असली विक्री चालत नाही, हा नियम त्यांनी मोठ्यानं वाचायला लावला. टपरी फाटकासमोरून हलली. गावाबाहेर गेली नाही, वळणापलीकडे गेली. तेवढं तरी झालं. शनिवारची तालीम अजून चालते. मामाचं सोंग आता मी घेतो. मिशी मला खरीच आहे, तरी पोरं म्हणतात मावशींचा मामा भारी होता.

मावशी आता मानवत गावात लेकीकडे राहतात. चट्टा वाढलेला नाही, असं फोनवर सांगतात.

त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस मात्र डोळ्यांपुढून जात नाही. एप्रिलचं ऊन. पातेलं घासून झालं, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून झाली. टपरी तेव्हा अजून फाटकासमोरच होती आणि बाकड्यावर तीच बैठकीतली माणसं बसली होती. मी म्हणालो, "मावशी, मागच्या वाटेनं जा. उगीच कोणी काही बोलेल."

"बोलू द्या की."

त्या पुढच्या फाटकानं बाहेर पडल्या आणि सरळ टपरीपाशी जाऊन थांबल्या.

"पानी दे रे," टपरीवरच्या पुतण्याला त्या म्हणाल्या.

त्यानं बाकड्यावरच्या काकाकडे बघितलं. काका चपलेकडे बघत होता. मग त्यानं माठातून ग्लास भरून दिला. मावशी भर उन्हात उभ्या राहून, सगळ्यांच्या समोर, एकेक घोट घेत ते पाणी प्यायल्या. ग्लास विसळला, फळीवर उपडा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याच्या मधोमध चालत एसटीच्या थांब्याकडे निघून गेल्या.