पुरुष मंडळाचा अध्यक्ष

आमच्या सिहोऱ्याकडच्या लहानशा चर्चमध्ये नवरा-बायकोचं भांडण पोलिसात जात नसे, पुरुष मंडळाच्या अध्यक्षाकडे जात असे. तो दोघांना समोर बसवायचा, ऐकून घ्यायचा आणि चुकलेल्याला सगळ्यांदेखत समज द्यायचा. म्हणून अध्यक्ष कोण होतो याचा घोर आम्हा बायांनाच जास्त. आणि मत? मत फक्त पुरुषांना! आम्ही मागच्या पडवीत भात शिजवायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षी, धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, झाल्यावर निवड ठरली. नाव पुढे आलं माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. मास्तर माणूस. प्रार्थना अशी करायचा की म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. आणि याच देवमाणसानं आदल्या आठवड्यात माझ्या बहिणीचा हात पिरगाळून मोडला होता. विहिरीवर पडले असं गावाला सांगून ती प्लास्टरच्या हातानं माझ्याशेजारी तांदूळ निवडत बसली होती.

आतून पाळकसाहेबांचा आवाज आला, "ज्याचं घर नीट चालते, असाच माणूस निवडा. कोणाची हरकत?"

कोणाचीच नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण पदर ओढत होती, "नको वं बाई, मले त्याच घरी जायचं आहे." तरी मी दारात जाऊन उभी राहिले, पदर धरून तीही मागोमाग आली.

"घर कसं चालते, ते घरवालीले काहून नाही विचारत? तिचा हात पाहा!"

त्यांनी पाहिला. अगदी नीट पाहिला. मग एक वडीलधारे खाकरले, "माय, हे पुरुषांचं काम होय. तू भाताकडे पाहा, करपून राहिला."

हात वर झाले, टाळ्या वाजल्या. लाज कशी वाटली नाही मेल्यांना? गोड बोलतो म्हणून पुढारी केला! इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं फिरतं.

महिनाभरात त्यानं पुन्हा हात उचलला. या खेपेस बहिणीनं लपवलं नाही. रीतीप्रमाणे ती मंडळापुढे जाऊन उभी राहिली. खुर्चीवर तिचाच नवरा! त्यानं शांतपणे सगळं ऐकलं, उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवानं हिचा तापट स्वभाव बदलावा अशी प्रार्थना केली.

डोळे मिटून सगळे पुरुष म्हणाले, "आमेन." त्यात माझा नवराही होता.