लाँचवाले सोपानमामा

हिवाळ्यात सकाळी आठच्या लाँचमध्ये सोपानमामा कोणाला तोंड उघडू देत नसत. "गप बसा जरा! इंजिनाला बोलू द्या आदी," असे दरडावून ते फळी उचलायचे, इंजिनावर तळहात ठेवायचे आणि मगच चावी फिरवायचे. एखादा चेष्टेखोर हळूच विचारायचा, "मामा, ताप हाय का?" मामा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मुळशी धरणाच्या पलीकडच्या वाड्यांना ती एकच लाँच होती आणि मामा तिचे चालक. मी पलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. भूगावहून एसटीने धक्क्यावर यायचे आणि मामांच्या लाँचने पाणी ओलांडायचे, असे सहा वर्षे चालले. डिझेल इंजिनातले मला जे काही कळते ते त्या फळीशेजारी बसून कळलेले आहे.

एकदा ऐन गारठ्यात इंजिन नुसतेच फिरत राहिले, सुरू होईना. पलीकडे जमीन बघायला निघालेले एक गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाले, "अहो, बॅटरी गेलीय तुमची. नवीन टाका."

"ब्याटरी गेली असती तर इंजिन एवढ्या जोरात फिरलं असतं व्हय?" मामा म्हणाले. "मागं नळकांड्याकडं बघा. धूर दिसतोय?"

धूर नव्हता.

"धूर न्हाई म्हंजी डिझेल वर पोचलंच न्हाई. पांढरा धूर असता तर म्हनलो असतो, पोचतंय पर गारठ्यानं पेटत न्हाई. हितं एअर घेतलीया." त्यांनी पान्याने फिल्टरचा बोल्ट सैल केला आणि छोटा हातपंप दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. बोल्ट आवळून चावी फिरवली आणि इंजिन धडधडायला लागले. गृहस्थांनी मोबाइलमध्ये डोके घातले.

खरे दुखणे टाकीपासून येणाऱ्या रबरी पाइपात होते. त्याला बारीक चीर गेली होती. रात्रभर लाँच उभी राहिली की चिरेतून हवा शिरायची आणि डिझेल टाकीत परत उतरायचे. दिवसभर फेऱ्या चालू असल्या की कसली कुरकुर नसे. मामांनी हे पहिल्याच आठवड्यात शोधून काढले आणि लाँचच्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगितले. तो म्हणाला, "बघू." हातभर पाइप, हो! हातभर! तीन महिने तो बघतच राहिला. मामा रोज सकाळी थंडगार डिझेलमध्ये बोटे घालून हवा काढत राहिले, आणि लाँच उशिरा सुटते म्हणून तक्रारी मात्र मामांच्याच नावावर जमा झाल्या.

त्यावर सुपरवायझरने उपाय काय आणला, तर चटकन पेटणाऱ्या स्प्रेचा डबा. इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी फवारायचा की ते लगेच सुरू होते. मामांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "दुखतंय पायाला आन तुमी मारताय चाबूक. एक दिवस पिस्टन फोडून ठिवाल."

"तुम्ही फार शहाणे," सुपरवायझर म्हणाला.

भाचीच्या लग्नाला मामा उरवड्याला गेले, त्या सकाळी सुपरवायझर स्वतः चावीवर बसला. मी समोरच होते. त्याने एकदा फवारले, दोनदा फवारले, मग वैतागून धरूनच ठेवले. दवाखान्यासारखा वास सुटला. घणाचा घाव बसावा तसे दोन-तीन ठोके ऐकू आले आणि सगळे थांबले. पिस्टन फुटला होता.

रस्त्याने वळसा घालून शाळा गाठायला माझा अर्धा दिवस जायला लागला. चौथ्या दिवशी सुपरवायझर कागद घेऊन आला. "मॅडम, पंचनामा आहे. साक्षीदार म्हणून सही लागेल. झाली की आठवड्यात नवं इंजिन." माझी एसटी सुटत होती. मी सही केली.

त्या कागदावर लिहिले होते की चालकाने देखभाल न केल्यामुळे इंजिन निकामी झाले. जो माणूस त्या दिवशी लाँचवर नव्हता, त्याला त्या कागदाच्या आधारे घरी बसवले. बावीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला! सुपरवायझरचा मला संताप येतोच. पण तो खोटे लिहिणारच होता. त्याखाली माझे नाव कशाला होते?

मामा शाळेत आले ते मधल्या सुट्टीत. हातात त्या कागदाची प्रत होती. ओरडले असते तर बरे झाले असते.

"बाई, फवारा तुमच्या म्होरंच मारला न्हवं?"

"हो."

"मग ह्ये?"

"मामा, मी वाचलं नव्हतं."

ते पटांगणातल्या पोरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी तर वाचाया शिकवता."

मी तिथेच कोरा कागद घेतला आणि डोळ्यांनी पाहिले ते सगळे लिहून काढले: पाइप, डबा, ते ठोके, चावीवर कोण होते ते. सही करायला पेन टेकवला तर मामांनी हात आडवा धरला. "आदी मोठ्यानं वाचा."

मी वाचले. मग त्यांनी हात काढला.

तो कागद मी स्वतः ठेकेदाराच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथला साहेब म्हणाला, एकदा झालेला पंचनामा असा बदलता येत नाही. मामांना कामावर परत घेतले नाही. आता ते उरवड्याच्या एका कारखान्यात जनरेटर सांभाळतात. लाँचला नवे इंजिन आले आहे आणि रोज सकाळी ते सुपरवायझरच सुरू करतो. रोज रस्त्याने वळसा घालणे मला जमणारे नाही, म्हणून मी त्याच्याच लाँचमध्ये बसते.