माझा वाटा

माझ्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. त्यामुळे खारघरच्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारात, जन्मभर मासळी विकलेली बाई राहायला आली तेव्हा मी सरळ नाक मुरडलं. मी साताऱ्याकडची, शाळेतून निवृत्त झालेली, नवरा गेल्यापासून एकटी. ती खाडीकाठच्या गावातली. तिचाही नवरा गेलेला, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेली. पहिल्याच दिवशी तिने बेल वाजवली आणि दारातूनच सांगितलं, "बाय, माझे घरान मासली शिजनार. वास आला तं खिरकी लाव. पन दार लावू नको."

दिवसा मी दार कधी लावलं नाही ते तेव्हापासून.

संध्याकाळी खालच्या बाकावर आम्ही बसायचो. माझा हात हातात घ्यायच्या आधी ती लिंबाने बोटं चोळून यायची, आणि मी म्हणायचे, "एवढं लिंबू सरबताला वापरलं असतंस तर पुण्य लागलं असतं." गावच्या बाजारात गेली की माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणायची. "घे, तुझा वाटा," म्हणायची. मासळीचे ढीग लावून विकतात, त्या प्रत्येक ढिगाला वाटा म्हणतात, हे मला तिच्यामुळे कळलं. नवऱ्यामागे माझ्यासाठी कुणी काही बाजूला काढून ठेवलं असेल तर ते तिनेच. माझा जीव जडला होता तिच्यावर, त्यात लपवायचं काय?

मग एका संकष्टीला ती तळलेल्या बोंबलांचा डबा घेऊन आली. "गरम हाय, खा."

मला वाटलं थट्टा करतेय. "म्हातारपणी मला बाटवायला निघालीस होय गं?" मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. डब्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत भीती दिसली.

त्यानंतर ती लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. मला तेव्हापासून एकच धास्ती. नातवंडांची नावं विसरली तर विसरू दे, मला विसरायला नको. स्वार्थी विचार होता, पण होता.

एका सकाळी मी आत गेले तर म्हणाली, "या ताई, काय देऊ?"

ताई म्हणजे गिऱ्हाईक. 'बाय' संपलं होतं. तिच्यापुढे परातीत बटाटे, कांदे, वांगी यांचे वाटे लावलेले होते. सून माझ्याकडे बघून रडवेली झाली. "मावशी, तुमी नका येऊ रोज. तुमाला त्रास होतो." मी तिला म्हटलं, त्रास होतोच, पण घरी बसून जास्त होईल. आणि तिच्याकडूनच माशांची नावं शिकून घेतली. गिऱ्हाईकच व्हायचं तर धड तरी व्हावं.

दुसऱ्या दिवशी एका वांग्याला हात लावून मी म्हटलं, "पापलेट शिळं दिसतंय."

"शिला? कल्ले बघ त्याचे! डोले फुटले काय तुझे?"

अशी भडकली की अगदी पूर्वीची दिसायची. मग मी रोज तिच्या मालाला नावं ठेवू लागले. माळ गळ्यात असताना मी इतक्या सुरमया आणि हलवे पारखले, विठ्ठलाने तेवढं समजून घ्यावं.

परवा परातीच्या कडेला एक वाटा फडक्याखाली झाकलेला दिसला. मी फडकं उचललं. खाली शेवग्याच्या शेंगा होत्या, सुनेने आमटीसाठी आणलेल्या.

"हा कसा दिला?"

तिने माझ्या हातावर चापट मारली. "त्यो इकायचा नाय. त्यो माझे मैतरनीचा वाटा. ती मासली खात नाय, तिचे गल्यान तुलशीची माल हाय."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"कुठे राहते ती?" मी कसंबसं विचारलं.

तिने माझ्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या समोरच्या घरान. दार उघडाच हाय बघ. येल आता."

मी परात जरा सरकवली आणि तिच्याशेजारी बसले. मग आम्ही दोघी तिची वाट बघत राहिलो.